सोलापूरच्या तळ्यातले देशी मासे घरच्या टँकमध्ये आणताना

ऑक्टोबरच्या अखेरीस, पावसाळ्याचा गाळ खाली बसल्यावर, आपल्याकडच्या एखाद्या पाझर तलावाच्या काठी सकाळी नऊच्या उन्हात शांत उभे राहिले, तर गुडघाभर पाण्यात बोटाएवढ्या माशांचे थवे फिरताना दिसतात. त्यांतला एक मासा पाण्यासकट पांढऱ्या वाडग्यात घेऊन पाहावा. कल्ल्यांच्या मागे एक लहान काळा ठिपका, शेपटीच्या बुडाशी दुसरा मोठा ठिपका, आणि प्रत्येक खवल्याची कड वेगळी उठून दिसणारे रुपेरी अंग. हा टिक्टो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, परदेशांतले हौशी लोक असे मासे आवडीने पाळतात, आणि सोलापुरात मात्र घरोघरच्या टँकमध्ये गोल्डफिश, गप्पी आणि एंजल यांच्यापलीकडे सहसा काही नसते. आपल्या पाण्यातला मासा आपल्या घरात नीट जगवता येतो, हे मी गेली काही वर्षे अनुभवतो आहे. मात्र तो जगणार की मरणार, हे जाळे पाण्यात पडण्याच्या महिनाभर आधीच बरेचसे ठरलेले असते. म्हणून या लेखात जाळ्याच्या आधी टँक येतो.

टँक आधी तयार हवा

पहिल्या वर्षी मी टँक भरला त्याच दिवशी वीस मासे आणून सोडले. पाणी आरशासारखे स्वच्छ होते, पंप चालू होता, आणि तरीही चौथ्या दिवशी तीनच मासे उरले. कारण पुढे कळले. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर पडतो. तळ्यात वाळूवर, दगडांवर आणि वनस्पतींवर राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात आणि पुरेसे वाढायला त्यांना साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. सोलापूरकरांसाठी यात आणखी एक मेख आहे. इथले बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, जितका जास्त तितका अमोनिया अधिक विषारी. पंचवीस अंश तापमानाला सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग घातक रूपात असतो. सामू 8 झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या आसपास जातो. मऊ पाण्याच्या गावात जी चूक खपून जाते, ती इथे खपत नाही.

तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँकमध्ये साधारण शंभर लिटर पाणी मावते आणि सुरुवातीला तेवढा टँक योग्य. फक्त पाण्याचेच वजन शंभर किलो होते, तेव्हा तो भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवावा. पश्चिमेच्या खिडकीजवळ मुळीच ठेवू नये. तळाला नदीची वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन दोन इंच घालावी. दगड काळे, बसाल्टचे घ्यावेत. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे भरपूर असतात आणि तसे खडे पाण्याचा जडपणा वाढवत राहतात. दगडावर लिंबू पिळले आणि बुडबुडे आले, तर तो दगड बाहेर ठेवावा. स्पंजचा साधा फिल्टर पुरतो. जिवाणू लवकर वाढावेत म्हणून एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज त्याच टँकच्या पाण्यात पिळून तो गढूळ रस आपल्या टँकमध्ये ओतावा आणि रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहावी, म्हणजे त्या जिवाणूंना खायला अमोनिया मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच मिळतात. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले, की टँक तयार झाला.

महापालिकेचे पाणी वापरायचे असेल, तर त्यातल्या क्लोरीनचा बंदोबस्त करावा लागतो. शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते आणि आपण ते साठवतोच. तेच पाणी उघड्या पिंपात पंपाची हवा सोडून चोवीस तास ठेवले, तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे हायपोचे खडे पाकिटावरच्या प्रमाणात घालावेत. वरून घट्ट जाळीचे झाकण हवेच. तळ्यातले मासे उड्या मारण्यात तरबेज असतात, आणि कपाटामागे वाळून पडलेला मासा सापडल्यावर झाकण करायला घेण्यात काही अर्थ नसतो.

कोणत्या तळ्यावर जावे, कोणाला विचारावे

सिद्धेश्वर तलाव हे शहराचे श्रद्धास्थान आहे. तिथे जाळे घेऊन जाऊच नये. विजापूर रस्त्यावरच्या धर्मवीर संभाजी तलावाला, म्हणजे आपल्या जुन्या कंबर तलावाला, जलपर्णीचा आणि सांडपाण्याचा त्रास झालेला आहे. अशा पाण्यातला मासा रोग घेऊन येतो. इंग्रजांच्या काळात 1871 साली पूर्ण झालेला एकरूखचा तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, आणि भीमेवरचे उजनी हे मोठे जलाशय आहेत. तिथे मासेमारीवर ज्यांचे पोट आहे, त्यांच्या जाळ्यांमध्ये आपण हौसेने घुसू नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीतून मासा, वनस्पती, शंख, काहीही उचलायचे नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या कामाची जागा म्हणजे गावोगावचे लहान पाझर तलाव, ओढ्यावरचे बंधारे आणि सांडव्याखालची डबकी. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांतून असे कितीतरी तलाव या जिल्ह्यात उभे राहिले आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्यांच्यात माशांची स्वतःची वस्ती तयार झाली. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मात्र देशी लहान मासा क्वचितच मिळतो.

परवानगीशिवाय पाण्यात उतरू नये. राज्यात मासेमारीचे नियमन महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, 1960 नुसार होते, आणि बहुतेक तलावांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी गावात जाऊन तलाव कोणाकडे आहे ते विचारावे, संस्थेच्या अध्यक्षांना किंवा ठेकेदाराला भेटावे, आपल्याला खायचा मासा नको, बोटाएवढे पंधरा मासे टँकसाठी हवे आहेत, असे स्पष्ट सांगावे आणि लेखी होकार मिळाला तर उत्तम. खासगी जमिनीतल्या डबक्यासाठी शेतकऱ्याला विचारावे. माझा अनुभव असा, की रीतसर विचारले तर लोक नाही म्हणत नाहीत. बहुधा कोणीतरी सोबत येऊन मासा दाखवतो. एका भोई काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते, "आधी पाच मिन्टं गप बसून बघ. मासा कुठं हाय ते मासाच सांगतोय." तेव्हापासून मी काठावर पोचल्यावर पहिली पाच मिनिटे जाळ्याला हात लावत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात जाऊ नये. आपले बहुतेक देशी मासे पावसाच्या नव्या पाण्यावर अंडी घालतात, आणि चढणीला लागलेला, पोटात अंडी असलेला मासा उचलणे म्हणजे पुढच्या वर्षीचा थवा उचलणे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना वाहतुकीतच मासा जातो. ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. त्यातही फेब्रुवारीत आटत चाललेली, तलावापासून तुटलेली डबकी सर्वांत चांगली, कारण त्यांतले मासे महिनाभरात बगळ्यांच्या तोंडी किंवा चिखलात जाणारच असतात.

साहित्य

मच्छरदाणीच्या मऊ कापडाचे, फूटभर रुंदीच्या तारेच्या कड्याला शिवलेले आणि लांब बांबूला बांधलेले हातजाळे, झाकणाच्या दोन नव्या बादल्या, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, पांढरा वाडगा, काचेचा लहान चपटा डबा, जाड पॉलिथिनच्या पिशव्या आणि रबर, थर्मोकोलचा खोका, ओले गोणपाट. रंगाची किंवा फिनेलची जुनी बादली कितीही धुतली तरी वापरू नये. तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याचे, जाळे वापरू नये, कारण त्यात मासा कल्ल्यांनी अडकतो आणि सोडवताना खवले निघतात.

हातजाळ्याइतकाच उपयोगी पडतो तो बाटलीचा सापळा. दोन लिटरची पाण्याची बाटली गळ्यापासून कापावी, गळ्याचा भाग उलटा करून बाटलीत नरसाळ्यासारखा बसवावा, कड दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने शिवावी आणि तापलेल्या सुईने अंगभर बारीक भोके पाडावीत. आत भिजवलेली शेंगदाणा पेंड आणि ज्वारीच्या भाकरीचे तुकडे यांचा सुपारीएवढा गोळा टाकून बाटली वनस्पतींच्या कडेला, हातभर पाण्यात, दोरी काठाला बांधून ठेवावी. वीस मिनिटांनी उचलायचीच. जास्त वेळ ठेवली तर दाटीने आतला प्राणवायू संपतो, आणि काठावर विसरलेली बाटली महिनोन्महिने मासे मारत राहते.

प्रत्यक्ष पकडताना

भल्या पहाटे जाऊ नये. रात्रभर पाण्यातल्या वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तळ्यात तो सर्वांत कमी असतो आणि मासा आधीच थकलेला असतो. साडेआठ ते अकरा ही वेळ चांगली. एकट्याने उतरू नये, कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि पायाला जखम असेल तर उतरूच नये. जनावरे बसणाऱ्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते.

जाळे माशाच्या मागे पळवायचे नसते. ते पाणवनस्पतींच्या एका बाजूला तळाशी टेकवून धरावे आणि दुसऱ्या बाजूने पायाने हळूहळू हलवत यावे; मासे स्वतःच जाळ्यात येतात. मग जाळे पूर्ण उचलू नये. कड पाण्याबाहेर आणून पिशवीचा भाग पाण्यातच ठेवावा आणि हवा तो मासा वाडग्याने पाण्यासकट काढावा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत आहे, आणि कोरड्या हाताने धरले की तो निघतो. शिंगटीचे पिल्लू आले तर विशेष जपावे. तिच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे असे तिन्ही काटे कापडात अडकतात आणि बोटाला लागले तर बराच वेळ ठणकतात. अशा वेळी मासा ओढू नये, तेवढे कापड कात्रीने कापून द्यावे.

काय घ्यावे आणि काय सोडावे

या टप्प्यावर घाई करू नये. मासा चपट्या काचेच्या डब्यात घेऊन बाजूने पाहावा, फोटो काढावा, ओळख पटली तरच ठेवावा.

टिक्टो आणि सोफोर हे दोन लहान बार्ब नवशिक्यासाठी उत्तम. सोफोरचे ठिपकेही दोनच, पण एक पाठीच्या पराच्या बुडाशी आणि दुसरा शेपटीच्या बुडाशी. विणीच्या काळात त्याच्या नराच्या अंगावर तांबूस पट्टा उमटतो. दुसरा मासा रास्बोरा: सडपातळ, आणि तोंडापासून शेपटीपर्यंत एक सरळ काळी रेघ. तो सतत वरच्या थरात पोहतो आणि उड्या मारतो. तळाच्या वाळूत तोंड खुपसून राहणारा मिशाळ लोच टँकची शोभा वाढवतो. त्याच्यासाठी वाळू बारीकच हवी. काचमासा, ज्याच्या पारदर्शक अंगातून काट्यांची रांग मोजता येते, दिसायला सर्वांत मोहक. परंतु त्यांतली चंदा नामा ही जात इतर माशांचे खवले ओरबाडून खाते. म्हणून काचमासे ठेवायचेच असतील तर वेगळ्या टँकमध्ये ठेवावेत. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून बसणारा मुल्या मिळाला, तर तो सोडून द्यावा, असे माझे मत आहे. त्याला जोराचा प्रवाह आणि भरपूर प्राणवायू लागतो. या माशाचे शास्त्रीय नावच गारा मुल्या आहे. विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांचे वर्णन करताना इथल्या लोकांच्या तोंडची नावे तशीच शास्त्रात घेतली, म्हणून आपला मराठी शब्द आज जगभर वापरला जातो.

घेऊ नयेत अशा माशांत पहिला क्रमांक कटला, रोहू आणि मृगळ यांच्या बोटुकलीचा. संस्थेने पैसे देऊन तलावात सोडलेले ते मत्स्यबीज असते, आणि बार्बच्या पिल्लांत ते सहज मिसळते. कटल्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि तोंड वर वळलेले असते. टिक्टोचे दोन ठिपके रोहूला नसतात. शंका आली की मासा परत पाण्यात. शिवाय हे मासे वर्षभरात किलोच्या आसपास जातात, त्यांना टँकमध्ये जागाच नाही. मरळीचे पिल्लू देखणे असते, पण सहा महिन्यांत टँकमध्ये तीच एकटी उरते. चिलापी आणि थाई मांगूर हे आपले मासे नव्हेत. थाई मांगूर पाळायला तर देशात बंदी आहे. असा मासा जाळ्यात आला तर तो संस्थेच्या माणसाकडे द्यावा.

संख्येबाबत कठोर राहावे. शंभर लिटरला आठ टिक्टो किंवा सोफोर आणि तीन-चार लोच, किंवा सहा रास्बोरा आणि सहा बार्ब, एवढेच. हे मासे थव्याने राहणारे असल्याने एका जातीचे दोन-तीनच आणले तर ते कोपऱ्यात दबून बसतात. मोठे, पूर्ण वाढलेले मासे सोडून द्यावेत आणि दीड-दोन इंचांचे घ्यावेत; लहान मासा नवे खाणे आणि नवी जागा लवकर स्वीकारतो. केरळच्या ओढ्यांतल्या मिस केरळ नावाच्या सुंदर माशावर टँकच्या हौसेसाठी होणाऱ्या पकडीमुळे संकटग्रस्त होण्याची वेळ आली. आपला पाझर तलाव तर त्या ओढ्यांहून कितीतरी लहान असतो.

घरापर्यंतचा प्रवास

पिशवीत एक तृतीयांश तळ्याचे पाणी आणि दोन तृतीयांश हवा ठेवावी, एका पिशवीत चार-पाचच लहान मासे घालावेत. पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात, अंधारात, वर ओले गोणपाट टाकून न्याव्यात. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. खोका थंड ठेवण्याचे कारण हेच. वाटेत थांबून मित्रांना मासे दाखवत बसू नये.

वेगळा मुक्काम

घरी आल्यावर मासे थेट मुख्य टँकमध्ये सोडू नयेत. वीस-तीस लिटरच्या झाकलेल्या टबमध्ये, तयार टँकमध्ये मुरलेला स्पंज लावून, त्यांना तीन ते चार आठवडे वेगळे ठेवावे. पिशवी पंधरा मिनिटे तरंगत ठेवावी, मग हवेच्या बारीक नळीतून थेंबथेंब टबचे पाणी पिशवीत सोडत पाऊण तास घ्यावा. प्रवास तीन-चार तासांहून लांबला असेल, तर मात्र हा वेळ कमी करावा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू उतरलेला असतो आणि अमोनिया साचलेला असतो. पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळवून मासे लगेच नव्या पाण्यात घ्यावेत. पिशवीतले पाणी टबमध्ये ओतू नये.

रोज भिंगातून मासे पाहावेत. अंगातून दोऱ्यासारखा बाहेर लोंबणारा जीव म्हणजे लर्निया. तो बारीक चिमट्याने मुळापासून काढावा आणि पिल्ले पाण्यात पोहत असल्याने पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवावे. चपटी, पारदर्शक, सरकणारी टिकली म्हणजे माशाची ऊ, तीही चिमट्याने निघते. रव्यासारखे पांढरे ठिपके आले, तर लिटरमागे दोन ग्रॅम खडे मीठ दोन दिवसांत हळूहळू वाढवत घालावे आणि पाणी तीस अंशांपर्यंत न्यावे. मोहरीएवढे काळे ठिपके पाहून मात्र घाबरू नये. त्या परजीवीला आयुष्य पूर्ण करायला गोगलगाय आणि पाणपक्षी दोन्ही लागतात, त्यामुळे तो टँकमध्ये पसरत नाही. तळ्यातून वनस्पती आणली असेल, तर ती फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून धुवावी. चतुराची अळी त्यातून आली, तर ती बार्बची पिल्ले एकेक करून खाते.

खाणे आणि उन्हाळा

पहिला दिवस उपास. तळ्यातल्या माशाला कोरडे खाद्य हे खाणे आहे, हेच ठाऊक नसते. त्याला आधी डासांच्या अळ्या द्याव्यात, मग त्यांच्यात बारीक केलेले कोरडे खाद्य मिसळत न्यावे. दोन आठवड्यांत तो हात दिसला की वर येऊ लागतो. अळ्यांसाठी बादली ठेवली तर वर जाळी बांधून पाचव्या दिवशी ती पूर्ण रिकामी करावीच, कारण आठवड्याभरात डास बाहेर पडतात आणि डेंग्यू आपल्याच गल्लीत येतो.

मेमध्ये टँकचे पाणी पस्तिशीकडे जाऊ लागते. इथली हवा कोरडी असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेल्या पाण्याजागी नुसते बोअरचे पाणी भरत राहू नये, क्षार साठत जातात; दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलावे. वीज जाणारच असे धरून बॅटरीचा पंप तयार ठेवावा.

टँकमधला मासा कधीही, कोणत्याही कारणाने तळ्यात परत सोडू नये, अगदी ज्या तळ्यातून आणला त्यातही नाही. दुकानातल्या माशांबरोबर राहून त्याने कोणता रोग घेतला हे आपल्याला दिसत नाही. टँकमधूनच सुटलेला सकर मासा आज उजनीच्या जाळ्यांत येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही. ठेवणे जमत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला मासे द्यावेत.

जूनच्या पहिल्या पावसात पत्र्यावरून पहिली सर वाहून गेल्यावरचे पाणी स्वच्छ बादलीत धरावे आणि टँकचे पाणी बदलताना ते थोडे थोडे घालावे. मऊ, गार पाण्याची ही खूण टिक्टोला पुरते. दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी नर मादीला वनस्पतींच्या झुपक्यात ढकलताना दिसतो आणि पानांवर वाळूच्या कणांएवढी स्वच्छ अंडी चिकटतात. आईबाप ती खातात, म्हणून झुपका लगेच वेगळ्या टबमध्ये न्यावा. साधारण दिवसाभरात अंडी फुटतात, दोन-तीन दिवसांनी पिल्ले पोहू लागतात आणि तेव्हा त्यांना शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याचा चमचा आणि उकडलेल्या अंड्याच्या बलकाचे सुईच्या टोकाएवढे पाणी पुरते. माझ्याकडच्या पहिल्या विणीतून एकोणीस पिल्ले वाढली, आणि त्या हिवाळ्यात मी जाळे काढले नाही.